लास पिन्यासचा बांबू ऑर्गन : दोनशे वर्षांची स्वरगाथा

फिलिपिन्सची राजधानी मनिला हिच्या दक्षिणेस, उपसागराच्या किनाऱ्यालगत, लास पिन्यास नावाचे शहर वसले आहे. तेथील संत योसेफ चर्चमध्ये, गायनवृंदाच्या सज्जात, एक पाईप ऑर्गन उभा आहे. सन १८२४ मध्ये पूर्ण झालेल्या ह्या वाद्यात एकूण १,०३१ नळ्या असून त्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या आहेत. उरलेल्या १२९ तेवढ्या धातूच्या. युरोपातील मोठमोठ्या कॅथेड्रलांत ह्याहून कितीतरी भव्य ऑर्गन आहेत. परंतु बहुतांश नळ्या बांबूच्या असलेला आणि आजही उपासनेत वाजणारा एकोणिसाव्या शतकातील असा दुसरा ऑर्गन प्रसिद्ध नाही.

ह्या वाद्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले ते केवळ त्याच्या नवलाईपोटी नव्हे. भूकंप, वादळे, युद्धे आणि माणसांचे दुर्लक्ष ह्यांतून हे वाद्य वाचले कसे, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्या उत्तरात कोणत्याही धर्मग्रामाला घेण्यासारखे काही आहे, असा आमचा विश्वास आहे.

पाईप ऑर्गन आणि आपली पायपेटी

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. मराठी माणसाला ‘ऑर्गन’ हा शब्द नवा नाही. बालगंधर्वांच्या काळातील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ असे आणि अनेक घरांतून व चर्चमधून पायपेटी वाजत असे. परंतु ती वाद्ये हार्मोनियमच्या कुळातील होत. त्यांत भात्याची हवा पितळी पात्यांवरून जाते, पाती थरथरते आणि सूर निघतो. पाईप ऑर्गनमधील बहुसंख्य नळ्यांत अशी पाती नसते. तेथे हवेचा झोत नळीच्या ओठावर आदळतो आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. म्हणजे तत्त्वतः ती एक शिट्टी किंवा उभी धरलेली बासरीच होय.

भेद इतकाच की, बासरीवादक एकाच नळीची छिद्रे बोटांनी झाकून अनेक सूर काढतो, तर ऑर्गनमधील प्रत्येक नळी जन्मभर एकच सूर गाते. नळी जितकी लांब तितका सूर खालचा. लांबी साधारण दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली उतरतो. म्हणूनच ऑर्गनला शेकडो नळ्या लागतात. भात्यातील हवा एका मोठ्या लाकडी पेटीत साठविली जाते, तिच्यावर नळ्या रांगेने उभ्या असतात. वादकाने पट्टी दाबली की त्या सुराच्या नळीखालील झडप उघडते. कोणत्या रांगेने गावे आणि कोणत्या रांगेने गप्प राहावे, हे बाजूच्या खुंट्या ओढून ठरविले जाते. ह्या खुंट्यांना ‘स्टॉप’ म्हणतात. वीज येण्यापूर्वी भाता हलविण्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागे. त्याच्या श्रमावाचून वादकाची बोटे निष्फळ ठरत.

फादर दिएगो सेरा

ह्या ऑर्गनचे निर्माते फादर दिएगो सेरा हे ऑगस्टिनियन रिकोलेक्ट संघाचे धर्मगुरू होते. संत ऑगस्टीनच्या परंपरेतील संघ आपल्या भागाला अपरिचित नाहीत; जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीन चर्चचा भग्न मनोरा त्यांची आठवण आजही देतो. फादर सेरा ह्यांचा जन्म १७६२ साली स्पेनच्या अरागॉन प्रांतातील ग्राउस ह्या गावी झाला. १७९२ साली ते फिलिपिन्सला आले आणि १७९५ साली लास पिन्यासचे प्रमुख धर्मगुरू म्हणून रुजू झाले. १८३२ मध्ये त्यांचे निधन झाले. जवळजवळ सारे पौरोहित्य त्यांनी ह्या एकाच लोकसमुदायात व्यतीत केले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या काळी लास पिन्यास हे मासेमारी व मिठागरे ह्यांवर जगणारे छोटेसे गाव होते. फादर सेरा ऑर्गन बांधण्याची कला जाणत असत. लास पिन्यासच्या पूर्वी त्यांनी मनिलामध्ये ऑर्गन उभारले होते. ह्याखेरीज रस्ते, पूल व बांधकाम ह्यांतही त्यांना गती होती. गावी आल्यावर त्यांनी पहिले काम ऑर्गनचे हाती घेतले नाही. १७९७ साली दगडी चर्चच्या बांधकामास आरंभ झाला आणि १८१९ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, ते चालले. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर दृष्टिपथात आले, तेव्हा १८१६ साली त्यांनी ऑर्गनकडे लक्ष वळविले.

बांबूच का?

युरोपातील ऑर्गनकार नळ्यांसाठी कथील व शिसे ह्यांचा मिश्रधातू आणि उत्तम लाकूड वापरीत. हा धातू स्पेनहून मागवायचा तर खर्च आणि विलंब दोन्ही अपार. स्थानिक लोकांच्या हाताला धातूकाम तितके परिचितही नव्हते. उलट बांबू मुबलक होता आणि गावकऱ्यांच्या हातात ते कसब पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते. घराच्या भिंती, तट्टे, टोपल्या, मासे पकडण्याची साधने, सारे काही ते बांबूचेच करीत. फादर सेरा ह्यांनी गावाच्या हातांना ठाऊक असलेला पदार्थ निवडला. शिवाय बांबू निसर्गतःच पोकळ व गोल. नळी होण्यासाठीच जणू तो वाढलेला.

मात्र बांबूचा एक शत्रू आहे आणि कोकणातल्या वाचकांना तो सांगावयास नको. बांबूच्या आतील पिष्टमय भागावर भुंगेरा तुटून पडतो व काही महिन्यांत त्याचा भुगा करून टाकतो. आपल्याकडे ह्यासाठी बांबू पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. लास पिन्यासमध्ये फादर सेरा ह्यांनी तोडलेला बांबू समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत पुरून ठेविला. कित्येक महिने तो खाऱ्या ओलाव्यात मुरला. ज्या बांबूंना कीड लागावयाची ती लागली, जे टिकले ते निवडले गेले. दोन शतकांनंतरही त्या काळच्या नळ्या गात आहेत, ह्याचे बरेचसे श्रेय ह्या धीराला द्यावे लागेल.

१८२१ पर्यंत ऑर्गन वाजविण्याजोगा झाला होता. फक्त तुतारीच्या रांगा राहिल्या होत्या. येथे मात्र बांबूने साथ दिली नाही. तुतारीच्या नळीत धातूची पाती कंप पावते आणि तिचा आवाज पुढे रुंदावत जाणाऱ्या कण्यासारख्या नळीतून बाहेर पडतो. बांबूचा आकार त्यास अनुकूल नाही व तो खणखणीत स्वरही त्यातून निघत नाही. फादर सेरा ह्यांनी हट्ट केला नाही. तुतारीच्या नळ्या त्यांनी धातूच्या करण्याचे ठरविले आणि १८२४ मध्ये काम पूर्णत्वास नेले. बांबू जेथे उत्तम तेथे बांबू व धातू जेथे अपरिहार्य तेथे धातू, असा हा विवेक होता.

वाद्याची रचना

सदर ऑर्गन स्पॅनिश परंपरेतील आहे. त्यास पट्ट्यांची एकच ओळ आहे. परंतु तिचे डावे व उजवे असे दोन भाग मानलेले असून प्रत्येक भागासाठी स्वतंत्र स्टॉप आहेत. त्यामुळे वादक डाव्या हाताने बांबूचा मृदू स्वर काढीत असताना उजव्या हाताने तुतारीची धून वाजवू शकतो. एका ओळीत दोन वाद्ये सामावण्याची ही युक्ती स्पॅनिश ऑर्गनचे वैशिष्ट्य होय. तुतारीच्या नळ्या उभ्या नसून दर्शनी भागातून आडव्या बाहेर आलेल्या आहेत. त्यांचा आवाज थेट भाविकांच्या दिशेने जातो.

काही स्टॉप निव्वळ आनंदासाठी आहेत. एकाने पाखरांची किलबिल ऐकू येते. लहान नळ्यांची टोके पाण्यात ठेवून असा स्वर काढणे ही स्पॅनिश ऑर्गनकारांची जुनी हिकमत. दुसऱ्या स्टॉपने ढोल वाजल्याचा भास होतो. नाताळच्या मध्यरात्री चर्चमध्ये पाखरे गाऊ लागली, तर गव्हाणीभोवती जमलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर काय उमटत असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

ह्या वाद्याची सर्वांत नाजूक बाजू म्हणजे हवामान. हवा तापली की शिट्टीप्रमाणे वाजणाऱ्या नळ्यांचा सूर चढतो. पातीच्या तुतारीचा सूर मात्र त्या प्रमाणात चढत नाही. साहजिकच सकाळी जुळलेले वाद्य दुपारी बेसूर वाटू शकते. उष्ण आणि दमट प्रदेशात असे वाद्य सांभाळणे म्हणजे रोजची राखण होय. ज्या दिवशी राखणदार उठून जातो, त्या दिवसापासून वाद्य मरू लागते.

मौनाची वर्षे

फादर सेरा ह्यांच्या पश्चात नेमके हेच घडू लागले. फिलिपिन्स भूकंपाच्या व वादळांच्या पट्ट्यात आहे. १८६३ सालच्या भूकंपात मनिलाचे कॅथेड्रल कोसळले. १८८० मध्ये पुन्हा मोठे धक्के बसले. लास पिन्यासचे चर्च ह्या आघातांतून सुटले नाही. एका वादळात छप्पर उडाल्यावर ऑर्गन उघड्यावर पडला आणि त्याच्या नळ्या उतरवून आत सुरक्षित ठेवाव्या लागल्या. पुढे १८९६ पासून स्पेनविरुद्धची क्रांती व नंतर अमेरिकेशी युद्ध झाले. गावाच्या वेशीवरील सापोते पुलापाशी १८९९ साली मोठी लढाई झाली. अशा काळात ऑर्गनची चिंता कोण वाहणार?

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रवासी व संगीतप्रेमी ह्यांचे लक्ष ह्या वाद्याकडे गेले आणि अंशतः दुरुस्ती झाली. तथापि, पूर्ण स्वर परत आला नाही. दुसऱ्या महायुद्धात मनिला शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑर्गन लंगडत, धापा टाकीत वाजत होता. काही नळ्या मुक्या, काही फुटलेल्या, भाता गळका.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. निरुपयोगी वस्तू फेकून देणे नेहमीच सोपे असते. मुक्या बांबूच्या ढिगाला सरपणाहून अधिक किंमत कोण देणार? तरीही लास पिन्यासच्या लोकांनी तो ढीग जपला. आपल्या हयातीत हे वाद्य पूर्ण स्वरात वाजेल, अशी आशाही ज्यांना नसेल अशा पिढ्यांनी तो पुढच्या पिढीच्या स्वाधीन केला. नंतरच्या साऱ्या जीर्णोद्धाराचा पाया ह्या अनामिक भाविकांनी घातला, असे आम्ही मानतो.

बॉनचा प्रवास

विसाव्या शतकात ह्या धर्मग्रामाची धुरा मरियेच्या निष्कलंक हृदयाच्या संघातील मिशनरी धर्मगुरूंकडे आली. हा संघ १८६२ साली बेल्जियममध्ये स्थापन झाला. ह्या धर्मगुरूंपैकी फादर लिओ रेनिए ह्यांनी १९६९ साली लास पिन्यासचा बालगायकवृंद सुरू केला. पुढे ह्या घटनेस किती महत्त्व आले, ते आपण पाहणारच आहोत.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या पवित्र उपासनेवरील दस्तऐवजात पाईप ऑर्गनला लॅटिन ख्रिस्तसभेचे पारंपरिक वाद्य म्हणून मोठा मान दिला आणि त्याच परिच्छेदात उपासनेस साजेशा अन्य वाद्यांसही द्वार मोकळे केले. युरोपची परंपरा आणि स्थानिक संस्कृती ह्या दोन्ही गोष्टी लास पिन्यासच्या एकाच वाद्यात दीडशे वर्षांपूर्वीच एकत्र आल्या होत्या. ते वाद्य मोडकळीस आलेले पाहून स्वस्थ बसणे धर्मग्रामाला पटले नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी चर्च व ऑर्गन ह्या दोहोंच्या जीर्णोद्धाराची मोहीम उभी राहिली. चर्चचे काम वास्तुविशारद फ्रान्सिस्को मान्योसा व त्यांचे सहकारी लुडविग अल्वारेझ ह्यांनी पाहिले. ऑर्गनचे काम जर्मनीतील बॉन शहराच्या योहानेस क्लाइस ह्या विख्यात ऑर्गनशाळेकडे सोपविण्यात आले.

हा निर्णय सोपा नव्हता. दीडशे वर्षे दमट हवेत राहिलेला बांबू जर्मनीच्या कोरड्या, थंड हवेत नेला तर तडकण्याचा धोका होता. दुरुस्तीसाठी पाठविलेले वाद्य दुरुस्तीपूर्वीच नष्ट होण्याची भीती! १९७३ साली ऑर्गन सुटा करून पेट्यांत भरला गेला. बॉन येथे त्याच्यासाठी फिलिपिन्ससारखी उष्ण व दमट हवा राखणारी खास खोली तयार करण्यात आली. कारागिरांनी त्या घामाघूम करणाऱ्या खोलीत काम केले, जेणेकरून बांबूला घरची हवा मिळावी. जुन्या वस्तूचा आदर म्हणजे काय, हे ह्याहून स्पष्टपणे कसे सांगावे?

१९७५ साली ऑर्गन मायदेशी परतला. मे महिन्यात जर्मनीतील ट्रिअर कॅथेड्रलचे ऑर्गनवादक वोल्फगांग ओम्स ह्यांनी त्यावर उद्घाटनाची मैफल सादर केली. पुढल्याच वर्षी, १९७६ मध्ये, आंतरराष्ट्रीय बांबू ऑर्गन महोत्सवाची परंपरा सुरू झाली. दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास देशोदेशीचे वादक व गायक ह्या धर्मग्रामात जमू लागले.

परक्या हातांकडून घरच्या हातांकडे

येथे ही कथा संपली असती, तर ती जर्मन कौशल्याची कथा ठरली असती. दुरुस्त झालेले वाद्य पुन्हा वीस-तीस वर्षांनी थकणार, हे उघड होते. तेव्हा पुन्हा पेट्या भरून बॉनला पाठवायच्या काय?

लास पिन्यासने वेगळा मार्ग धरला. १९६९ च्या बालगायकवृंदातून वाढलेली काही मुले युरोपात शिकावयास गेली. त्यांपैकी अर्मांदो सालार्सा ऑस्ट्रियात ऑर्गनवादन शिकले आणि परत येऊन ज्या सज्जात लहानपणी गायले, तेथेच प्रमुख ऑर्गनवादक झाले. महोत्सवाचे सांगीतिक नेतृत्वही त्यांच्याकडे आले. काही तरुणांनी जर्मनी व ऑस्ट्रिया येथील कार्यशाळांत ऑर्गन बांधण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण घेतले. १९९४ साली लास पिन्यासमध्येच ऑर्गन बांधणारी व दुरुस्त करणारी संस्था स्थापन झाली. तिला नाव देण्यात आले फादर दिएगो सेरा ह्यांचे.

२००३ साली फिलिपिन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाने बांबू ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून घोषित केले. त्याच सुमारास, २००३-०४ मध्ये, वाद्याचा दुसरा मोठा जीर्णोद्धार झाला. ह्या वेळी नळ्या जर्मनीला गेल्या नाहीत. फादर सेरा ह्यांचे नाव धारण करणाऱ्या त्या स्थानिक संस्थेच्या कारागिरांनी हे काम घरीच पूर्ण केले. मनिलाच्या जुन्या भागातील संत ऑगस्टीन चर्चचा ऑर्गन तसेच देशातील अन्य स्पॅनिशकालीन ऑर्गन पुन्हा बोलते करण्याचे कामही ह्याच हातांनी केले.

आज संत योसेफ चर्च परान्याके धर्मप्रांतात मोडते. मिठागरांचे गाव महानगरात विरून गेले आहे. २०२४ साली ऑर्गनला दोनशे वर्षे पूर्ण झाली. तो काचेआड ठेवलेला नाही. तो उपासनेत वाजतो. वाजतो म्हणून झिजतो, आणि झिजतो म्हणून त्याची सतत देखभाल होते.

आपल्यासाठी बोध

बांबू ऑर्गनच्या इतिहासात तीन वेळा निर्णायक क्षण आला. १८१६ साली एका धर्मगुरूने परदेशी वाद्य स्थानिक हातांना समजेल अशा पदार्थात घडविण्याचे ठरविले. पडझडीच्या काळात लोकांनी मुक्या नळ्या फेकल्या नाहीत. आणि १९७५ नंतर धर्मग्रामाने वाद्याबरोबरच वाद्य सांभाळणारी माणसे घडविली. ह्यांपैकी तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. निधी उभारून वस्तू दुरुस्त करता येते; परंतु वस्तू जाणणारा माणूस घडवायला वीस वर्षे लागतात आणि त्याचा आरंभ बहुधा एखाद्या बालगायकवृंदासारख्या साध्या उपक्रमातून होतो.

आपल्या चर्चच्या माडीवर धूळ खात पडलेली जुनी पायपेटी कदाचित राष्ट्रीय ठेवा ठरणार नाही. तिच्या भात्याला भोक पडले असेल, दोन-चार सूर गेले असतील. ती भंगारात देण्यापूर्वी धर्मग्रामातील एखाद्या जाणत्या पेटीवादकास ती दाखवावी आणि त्याच्याशेजारी एखाद्या मुलाला किंवा मुलीला बसवावे, एवढेच आमचे नम्र निवेदन आहे. लास पिन्यासचे चर्च ज्यांच्या नावे आहे, ते संत योसेफ स्वतः कारागीर होते आणि त्यांच्या घरी एक बालक हे काम पाहत वाढले, हे आपण विसरू नये.